‘माल सदोष होता’ हे नोटिशीच्या आधी कुठं लिहिलंय?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी पंपांचे भाग मशीनिंग करून देते. एका फाउंड्रीकडून आम्ही कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) घेतो. गेल्या हिवाळ्यात आलेल्या तीन लॉटमध्ये मशीनिंग करताना ब्लोहोल (धातूच्या आत राहिलेल्या हवेच्या पोकळ्या) निघाले. आमच्या क्वालिटीच्या माणसानं फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, जानेवारीत दोन ईमेलही केले. फाउंड्रीच्या मालकांनी ‘बदलून देतो’ असं लिहिलं, पण दिलं काही नाही. एकूण 1 कोटी 31 लाखांची बिलं थकली आहेत. त्यातली सदोष लॉटची 58 लाखांची. उरलेल्या 73 लाखांबद्दल आमची तक्रार नाही आणि पैसेही आहेत, पण ते दिले तर फाउंड्रीवाले बाकीचं मिटवणार नाहीत म्हणून सगळंच रोखून धरलं आहे. शिवाय उशीर झाला म्हणून आमच्या ग्राहकानं 21 लाख कापले, तेही यांच्याकडून मिळायला हवेत. एप्रिलमध्ये आमच्या अकाउंटंटनं त्यांना पूर्ण रकमेचं बॅलन्स कन्फर्मेशन (एवढी बाकी आहे असा कागद) सही करून दिलं. आता त्यांच्या वकिलाकडून आयबीसीखालची (दिवाळखोरी कायद्याखालची) डिमांड नोटीस आली आहे, 18 टक्के व्याज धरून 1 कोटी 49 लाखांची. ती कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, म्हणजे आमच्या जुन्या घरी गेली आणि माझ्या हातात सातव्या दिवशी पडली. सहसंचालक म्हणतो, मागच्या तारखेच्या डेबिट नोट (पुरवठादाराच्या देण्यातून रक्कम वजा केल्याचे कागद) टाकू. मेहुणे म्हणतात, उद्याच कोर्टात दावा ठोका. कंपनी हातची जाईल का?

उत्तर:

पत्रातला ‘सातवा दिवस’ वाचून तुम्हाला त्याच संध्याकाळी दोन ओळी कळवल्या होत्या: नोटिशीला मुदतीत उत्तर द्या आणि डेबिट नोटेच्या भानगडीत पडू नका. हे सविस्तर उत्तर तुमच्यासाठी आहेच, पण अशी नोटीस आलेल्या इतरांसाठीही आहे.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. कंपनी हातची जाऊ शकते, पण ती त्या 58 लाखांमुळे जाण्याची शक्यता कमी. धोका आहे तो 73 लाखांत, जे तुम्ही स्वतः कबूल करता आणि तरी देत नाही.

नादारी व दिवाळखोरी संहिता 2016 मध्ये पुरवठादाराला, म्हणजे कायद्याच्या भाषेत ऑपरेशनल क्रेडिटरला, थेट एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) जाता येत नाही. आधी कलम 8 ची नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून 10 दिवस थांबावं लागतं. या 10 दिवसांत ऋणको कंपनीनं दोनपैकी एक गोष्ट करायची असते: पैसे दिल्याचा पुरावा पाठवायचा, नाहीतर या देण्याबद्दल वाद आहे हे कळवायचं. असा वाद खरोखर असेल तर कलम 9 खालचा, म्हणजे कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्याचा पुरवठादाराचा अर्ज फेटाळायचा, असं संहितेतच लिहिलं आहे. वाद म्हणजे काय, तेही कलम 5(6) मध्ये आहे: रक्कम देणं लागते की नाही, मालाचा किंवा सेवेचा दर्जा, आणि दिलेली हमी मोडली का. तुमचे ब्लोहोल दुसऱ्या प्रकारात सरळ बसतात.

आता ‘खरोखर असेल तर’ हे कसं ठरतं? यावरचा पायाभूत निकाल सर्वोच्च न्यायालयाचा आहे, 21 सप्टेंबर 2017 चा, मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा. एका टीव्ही कार्यक्रमाच्या मतदानाचं काम मोबिलॉक्सनं किरुसाला दिलं होतं. किरुसानं त्या कामाचा उल्लेख आपल्या संकेतस्थळावर केला, तो गोपनीयतेच्या कराराचा भंग आहे असं सांगून मोबिलॉक्सनं पैसे अडवले. डिमांड नोटीस आली डिसेंबर 2016 मध्ये, पण पैसे का अडवले हे सांगणारा ईमेल होता जानेवारी 2015 चा. मोबिलॉक्स वाचली ती या ईमेलमुळे. न्यायालयानं सांगितलं की ऋणकोची बाजू शेवटी जिंकेल का, हे एनसीएलटीनं या टप्प्यावर पाहायचं नाही. पुढे तपासण्यासारखा, पटण्याजोगा मुद्दा आहे एवढं दिसलं की पुरे. मात्र तो कागदावर आधारलेला हवा. पुराव्याशिवाय नुसतं म्हणणं किंवा नोटीस आल्यावर रचलेली कथा असेल तर ती बाजूला सारायची. धान्य आणि कोंडा वेगळा करण्याची उपमा त्याच निकालात आली आहे.

याच निकालात तुमच्या मेहुण्यांच्या सल्ल्याचंही उत्तर आहे. कलम 8 च्या मूळ शब्दरचनेमुळे असा समज झाला होता की कोर्टात दावा किंवा लवादाची कारवाई आधीच सुरू असेल तरच वाद धरायचा. न्यायालयानं तो खोडून काढला आणि 2018 च्या दुरुस्तीनं कलमातला ‘आणि’ जाऊन ‘किंवा’ आला. त्यामुळे दावा नव्हता म्हणून तुमचं काही अडत नाही, आणि नोटीस मिळाल्यावर ठोकलेला दावा या कामी उपयोगाचा नाही. नुकसानभरपाईसाठी पुढे दावा करायचा असेल तर सवडीनं, विचार करून करा.

तुमच्याकडे जानेवारीचे दोन ईमेल आहेत, फोटो आहेत आणि समोरच्याचा ‘बदलून देतो’ हा मेसेज आहे. या तिघांत मी सर्वांत वजनदार मानतो तो मेसेज. तक्रार कुणीही करू शकतो, पण पुरवठादारानं माल बदलण्याची तयारी दाखवली म्हणजे दोष त्याला त्या वेळी तरी मान्य होता. तो फोन जपून ठेवा. मेसेज खोडू नका, हँडसेट बदलू नका. छापील स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागेल, ते वकील तयार करून देतील.

एक गोष्ट मात्र तपासा. फाउंड्री सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्यात माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली का, हे पाहतात. ती घेतली नसेल तर माल स्वीकारला असं धरून पैसे देण्याची मुदत मोजली जाते. कास्टिंगमधला ब्लोहोल वरून दिसत नाही, टूल आत गेल्यावर उघडा पडतो, हे शॉप फ्लोअरवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. न्यायाधिकरणापुढे मात्र ते मांडावं लागतं. म्हणून प्रत्येक लॉट कधी आला, मशीनवर कधी चढला आणि रिजेक्शन कधी नोंदलं गेलं, या तारखा इनवर्ड रजिस्टर आणि इन्स्पेक्शन रिपोर्टवरून ओळीनं काढून ठेवा. लॉट आल्यावर चार महिन्यांनी मशीनवर घेतला असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

आता बॅलन्स कन्फर्मेशन. तुमच्या फायलीतला हा सर्वांत दुखरा कागद आहे. जानेवारीत तक्रार आणि एप्रिलमध्ये पूर्ण रक्कम कबूल, म्हणजे वाद मिटला होता असं समोरचे वकील म्हणणारच. हा कागद लपवू नका, तो त्यांच्याकडे आहेच. तुमच्या उत्तरात तुम्हीच त्याचा उल्लेख करा आणि त्याचं स्थान सांगा: तो लेजरच्या आकड्याचा मेळ होता, माल बदलून मिळायचा होता म्हणून बिलं खात्यावर तशीच होती आणि मालाच्या दर्जावर त्यात एक शब्दही नव्हता. (खरंच नसेल तरच हे लिहा. कागद पुन्हा वाचा.) एप्रिलनंतर तुमच्या माणसानं ‘माल कधी बदलताय’ अशी एखादी विचारणा केली असेल तर तो मेसेज सोन्यासारखा आहे. तो सापडला तर कन्फर्मेशनची धार बरीच बोथट होते. नाही सापडला तरी जानेवारीचे कागद पुसले जात नाहीत, पण लढाई अवघड होते. वर्षअखेरीला असे कागद सह्यांसाठी गठ्ठ्यानं येतात आणि गठ्ठ्यानंच जातात. वादातल्या पुरवठादाराच्या कागदावर ‘अमुक बिलांबाबत दर्जाची तक्रार प्रलंबित’ एवढं लिहायला अर्धा मिनिट लागतो.

हीच गोष्ट जीएसटीची. सदोष लॉटच्या बिलांवर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलं असेल आणि 180 दिवसांत पैसे न देताही ते परत केलं नसेल, तर ‘माल नाकारला म्हणता आणि क्रेडिट खिशात ठेवता’ हा प्रश्न येईल. क्रेडिट घेतलं म्हणून वाद खोटा ठरत नाही, पण उत्तर तयार हवं. तुमच्या सीएंशी याच आठवड्यात बोला, कारण 180 दिवसांचा मुद्दा दिवाळखोरीपलीकडेही त्रास देतो.

सहसंचालकांच्या सूचनेबद्दल मी सौम्य बोलणार नाही. मागच्या तारखेची डेबिट नोट म्हणजे खोटा दस्त. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीचा आणि बदलाचा माग राहणं सक्तीचं आहे, तो माग बंद करता येत नाही. जानेवारीची तारीख घातलेली नोंद प्रत्यक्षात कधी झाली हे एका क्लिकवर दिसेल. आणि तुमची बाजू मुळात खरी आहे! एक बनावट कागद घुसला की चांगले दोन ईमेलही संशयात सापडतात, शिवाय हिशेबवह्यांत खोटी नोंद करणं हा वेगळा फौजदारी गुन्हा आहेच. डेबिट नोट काढायचीच तर आजच्या तारखेची काढा आणि तिच्यात जानेवारीच्या ईमेलचा संदर्भ द्या. ती पुरावा म्हणून फारशी उपयोगी पडणार नाही, हिशेब मात्र नीट राहील.

ग्राहकानं कापलेले 21 लाख या लढाईत पुढे करू नका. ते फाउंड्रीकडून घेणार आहोत असं तुम्ही नोटिशीच्या आधी कधी कळवलंय का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. मग आता तो आकडा मध्येच आणला तर तो उसना वाटेल आणि पक्क्या मुद्द्यालाही कमजोर करेल. उत्तरात ‘इतर नुकसानीबाबतचे हक्क राखून ठेवले आहेत’ एवढं एक वाक्य पुरे. तो दावा वेगळा आहे आणि वेगळ्या ठिकाणी लढवायचा आहे.

आता 73 लाख. कलम 9 चा अर्ज करायला थकबाकी किमान 1 कोटीची हवी. 24 मार्च 2020 च्या अधिसूचनेनं ही मर्यादा 1 लाखावरून 1 कोटीवर नेली. अर्ज दाखल होतो त्या दिवशीची थकबाकी यासाठी पाहतात. तुमचे 58 लाख वादग्रस्त धरले तर निर्विवाद राहतात 73 लाख, म्हणजे मर्यादेच्या खाली. मग काळजी कशाची? काळजी याची की 58 लाखांचा वाद न्यायाधिकरणाला पटला नाही, बॅलन्स कन्फर्मेशन भारी पडलं, तर पूर्ण 1 कोटी 31 लाख उभे राहतात आणि अर्ज दाखल करून घेतला जातो. याउलट अर्ज होण्याआधी 73 लाख देऊन टाकले, तर वाद हरलात तरी उरतात 58 लाख आणि त्यांनी लावलेलं सगळं व्याज 18 लाख, म्हणजे 76 लाख. दिवाळखोरीचं दारच बंद होतं. व्याज बिलाच्या तळाशी छापलंय की करारात ठरलंय, यावर वेगळा वाद घालता येईल, पण या हिशेबात त्याचीही गरज पडत नाही.

आणि हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. जे देणं कबूल आहे ते दाबून ठेवून दुसऱ्या वादात वजन वाढवायचं, ही रीत आपल्या धंद्यात सर्रास चालते. पण न्यायाधिकरणापुढे तिचा अर्थ एकच लावला जातो: या कंपनीला पैसे द्यायचेच नाहीत आणि दर्जाची तक्रार ही सबब आहे. 73 लाख देणाऱ्याची 58 लाखांची तक्रार खरी वाटते.

पैसे देताना एक काळजी घ्या. कोणत्या बिलांपोटी देत आहात ते क्रमांक आणि तारखेसह लिहून कळवा. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 59 नुसार रक्कम कोणत्या देण्यात जमा करायची हे ऋणको सांगू शकतो. तुम्ही सांगितलं नाही तर कलम 60 नुसार धनको ती आपल्या मर्जीनं लावतो आणि तो नेमकी सदोष लॉटची बिलं आधी फेडलेली दाखवेल. मग उरलेली बाकी निर्विवाद मालाची ठरते आणि तुमचा वादच हवेत जातो. आरटीजीएसच्या शेऱ्यात जागा कमी असते, म्हणून त्याच दिवशी ईमेल करा.

नोटिशीचं उत्तर दोन-तीन पानांपेक्षा मोठं नको. लॉट, बिल क्रमांक, दोषाची नोंद, ईमेलची तारीख, त्यांचा प्रतिसाद, एवढं क्रमानं लिहा आणि कागदांच्या प्रती जोडा. ‘बाजार मंद आहे, थोडी मुदत द्या’ असलं वाक्य चुकूनही नको. लोक सभ्यपणा म्हणून ते लिहितात आणि तीच कबुली ठरते. स्पीड पोस्टनं आणि ईमेलनं, फाउंड्रीला आणि त्यांच्या वकिलांना, दोघांनाही पाठवा. 10 दिवस नोटीस नोंदणीकृत पत्त्यावर पोचली तेव्हापासून मोजले जातील, तुमच्या हातात आली तेव्हापासून नव्हे. ज्यांची मुदत हुकली आहे त्यांनी हातपाय गाळू नयेत: उत्तर गेलं नाही म्हणून आधीपासूनचा वाद नाहीसा होत नाही, तो अर्जाच्या सुनावणीत कागदांनिशी दाखवता येतो. पण तेव्हा पहिला प्रश्न ‘तेव्हा गप्प का होता?’ हाच असतो. जुन्या घरी आता कंपनीचं कुणी नसेल तर नोंदणीकृत पत्ता बदलून घ्या, म्हणजे पुढची नोटीस तरी वेळेत हातात पडेल.

तुम्ही वाद कळवल्यावरही ते अर्ज करू शकतात. मात्र अर्जासोबत वादाबाबत उत्तर आलं की नाही हे शपथपत्रावर सांगावं लागतं, आणि आलेलं उत्तर जाणूनबुजून दडवलं तर कलम 76 मध्ये 1 ते 5 वर्षं कैद, किंवा 1 लाख ते 1 कोटी दंड, किंवा दोन्ही आहे. वसुलीसाठी या कायद्याचा दट्ट्या वापरू नये, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये आंध्र प्रदेशच्या ट्रान्समिशन कॉर्पोरेशनच्या प्रकरणात आणि 2022 मध्ये एस. एस. इंजिनिअर्सच्या प्रकरणातही बजावलं आहे. तरी यावर विसंबून निवांत राहू नका. अर्ज एकदा दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार स्थगित होतात, कारभार न्यायाधिकरणानं नेमलेल्या अंतरिम व्यावसायिकाकडे जातो आणि जाहीर सूचना निघते. ग्राहक आणि बँक ती सूचना वाचतात. एनसीएलएटीत (एनसीएलटीच्या वरच्या अपील न्यायाधिकरणात) अपील करायला 30 दिवस असतात, फार तर आणखी 15 वाढवून मिळतात, पण तोवर ऑर्डर दुसरीकडे गेलेल्या असतात.

एक गैरसमज इथंच दूर करतो, कारण वाचकांच्या पत्रांत तो वारंवार दिसतो. वादाचं हे कवच पुरवठादाराच्या अर्जापुरतं आहे. बँकेनं किंवा कर्ज देणाऱ्यानं कलम 7 खाली अर्ज केला तर ‘आमचा वाद आहे’ म्हणून तसं सुटता येत नाही. तिथं कर्ज देय होतं आणि थकलं, हे पाहिलं जातं. आपल्या पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीजच्या प्रकरणात, ऑगस्ट 2017 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं हाच फरक उलगडून सांगितला. म्हणून बँकेचा हप्ता अडवून वाद घालण्याच्या फंदात पडू नका.

समजा अर्ज फेटाळला गेला. 58 लाखांचं देणं त्यानं संपत नाही. फाउंड्री व्यापारी न्यायालयात किंवा लवादाकडे जाऊ शकते, आणि एमएसएमई म्हणून नोंदलेली असेल तर अशा उद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे. तिथलं व्याज बँक दराच्या तिप्पट आणि दरमहा चक्रवाढ असतं, हरलात तर चांगलंच महागात पडेल. तुमच्या बाजूनं मालविक्री अधिनियम 1930 चं कलम 59 आहे: हमी मोडली असेल तर तेवढी किंमत कमी करून मागता येते. पण त्यासाठी किती नग सदोष आणि किती वापरले, हे सिद्ध करावं लागेल. तीन लॉटमधले सगळेच नग रिजेक्ट होते का? काही मशीन होऊन ग्राहकाकडे गेले असतील तर त्यांचे पैसे 58 लाखांतून आजच वजा करा आणि 73 मध्ये मिळवा.

उरलेले रिजेक्ट नग भंगारात विकू नका. ते लॉटवार वेगळे ठेवा, हीट नंबर (नग कोणत्या ओतकामातला ते सांगणारा क्रमांक) दिसेल असे फोटो काढा, आणि फाउंड्रीच्या मालकांना 73 लाखांच्या आरटीजीएससोबतच लिहून कळवा की अमुक तारखेला तुमचा माणूस पाठवा, दोघांसमोर तपासणी करू, हवं तर तिसऱ्या लॅबकडून रेडिओग्राफी (क्ष-किरण तपासणी) करून घेऊ. ते आले तर नग मोजून आकडा ठरवता येईल आणि बोलणी पुढे सरकतील. आले नाहीत तर त्या पत्राची पोच फायलीत लावा.